पडशीवाल्याचा विश्वास

मनुष्यानें आपल्या भोंवतीं गोळा केलेल्या प्राण्यांकडे पाहिलें, तर त्यांत जुने सोबती आणि नवे सोबती असे दोन वर्ग आढळतात. कुत्रा हा सर्वांत जुना. त्याची व मनुष्याची ओळख शेतीपेक्षांही पुरातन आहे. गाय, घोडा, मांजर ह्यांचा सहवासही हजारों वर्षांचा. कुत्र्याचें पिलूं घरांत आणलें, तर तें पहिल्या दिवशीं रडतें, दुसऱ्या दिवशीं शेपूट हालवितें आणि तिसऱ्या दिवशीं मुलांच्या अंथरुणांत शिरतें. ह्या तीन दिवसांच्या सलगीमागें कित्येक सहस्र वर्षांची पुण्याई उभी असते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

नव्या सोबत्यांची गोष्ट निराळी. अलीकडे शहरांतल्या घरांतून, बहुधा मुलांच्या हट्टापायीं, एक चिमुकला पाहुणा येऊं लागला आहे. रंग पिकल्या गव्हासारखा, पोट पांढरें, कान पातळ, शेपूट नांवापुरती, डोळे मिऱ्यासारखे काळेभोर; आणि गाल कधीं रिकाम्या पिशवीसारखे सैल, तर कधीं ठासून भरलेल्या पोत्यासारखे फुगलेले. ह्याचें नांव हॅमस्टर. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांतून किंवा पुण्याच्या एखाद्या दुकानांतून तो पिंजऱ्यासकट घरीं येतो. मूल मोठ्या आशेनें पिंजऱ्यांत हात घालतें. पाहुणा एक तर कोपऱ्यांत दडून बसतो, नाहीं तर बोटाला कडकडून चावतो. मूल रडतें, आई रागावते, आणि आठ दिवसांच्या आंत ‘हा प्राणी माणसाळत नाहीं’ असा निकाल लागून पिंजरा सज्जाच्या कोपऱ्यांत जाऊन पडतो.

हा निकाल अन्यायाचा आहे, कारण ह्या खटल्यांत आरोपीची बाजू कोणी ऐकलेलीच नसते. ती ऐकावयाची, तर त्याच्या घराण्याचा इतिहास प्रथम पाहिला पाहिजे. तो फार लांबलचक नाहीं. परंतु मोठा विलक्षण आहे.

सीरिया देशाच्या उत्तरेस अलेप्पो नांवाचें प्राचीन शहर आहे. भोंवतालचें पठार सुपीक, गव्हाचें आणि कडधान्यांचें. हीच सोनेरी हॅमस्टरची मायभूमि. अठराव्या शतकांत अलेक्झांडर रसेल आणि पॅट्रिक रसेल हे दोघे वैद्य बंधु एकामागून एक ह्या शहरांत राहिले. अलेप्पोच्या निसर्गाविषयीं अलेक्झांडरनें लिहिलेला ग्रंथ १७५६ सालीं निघाला. पॅट्रिकनें त्याची वाढविलेली आवृत्ति १७९४ सालीं प्रसिद्ध केली. तींत ह्या प्राण्याचें वर्णन आहे. एका हॅमस्टरच्या गालांतील पिशव्या उघडून पाहिल्या, तेव्हां त्यांत कोवळ्या शेंगा लांबीच्या दिशेनें इतक्या नीटस रचून भरलेल्या आढळल्या, कीं त्या कोणत्या युक्तीनें बसविल्या असतील ह्याचें पाहणाराला कोडें पडलें. बाहेर काढून मोकळ्या केल्यावर त्यांचा ढीग प्राण्याच्या अंगाच्या तिप्पट भरला. अलेप्पो सोडल्यानंतर हाच पॅट्रिक रसेल मद्रासकडे ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गशास्त्रज्ञ झाला व त्यानें हिंदुस्थानांतील सर्पांवर ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रांतल्या शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीची जी घोणस, तिला इंग्रजींत त्याच्याच नांवानें ओळखतात. उंदरांवर जगणारी घोणस आणि उंदराच्याच जातकुळींतला हा हॅमस्टर, दोघांची टिपणें एकाच्याच हातून उतरावीं, हा योगायोग मौजेचा खरा.

अरबी बोलींत ह्या प्राण्याला ‘पडशीवाला’ अशा अर्थाचें नांव आहे, आणि तें अगदीं यथार्थ आहे. वाटसराच्या खांद्यावरून पुढें एक व मागें एक झोळी लोंबावी, त्याप्रमाणें ह्याच्या दोन्ही गालांत पिशव्या असून त्या खांद्यांच्याही मागें पोंचतात. जर्मन भाषेंत तर साठेबाजी करण्याला ह्याच प्राण्याच्या नांवावरून क्रियापद पडलें आहे. शास्त्रीय जगांत त्याचें नामकरण १८३९ सालीं लंडनच्या जॉर्ज वॉटरहाउसनें अलेप्पोहून आलेल्या एका मृत नमुन्यावरून केलें. पुढें जवळजवळ शतकभर शास्त्रज्ञांना ह्या प्राण्याविषयीं फारसें कांहीं समजलें नाहीं. तो आपल्या बिळांत होता, आणि जग आपल्या ठिकाणीं होतें.

ही स्थिति १९३० सालीं पालटली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांत सॉल ॲडलर हे शास्त्रज्ञ त्या वेळीं काळ्या आजाराच्या वर्गांतल्या रोगांचा अभ्यास करीत होते. बंगाल, बिहार आणि आसाम ह्या प्रांतांत असंख्य घरें ज्यानें ओस पाडलीं, तोच हा आजार. त्याचे जंतु लीशमन ह्यांनीं व मद्रासचे डोनोव्हन ह्यांनीं १९०३ सालीं जगापुढें आणले होते. प्रयोगासाठीं चिनी हॅमस्टर उपयोगी पडे. परंतु तो बंदिवासांत वीत नसे आणि वारंवार दूरदेशाहून मागवावा लागे. त्याच्या ऐवजीं जवळपासची एखादी जाति मिळाल्यास पाहावें, म्हणून हें काम प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहारोनी ह्यांच्याकडे सोंपविण्यांत आलें.

त्या वर्षाच्या एप्रिल महिन्याच्या १२ तारखेस अलेप्पोजवळच्या एका गव्हाच्या शेतांत, गांवच्या शेखानें जमविलेले मजूर खणूं लागले. उभ्या पिकाची बरीच नासाडी झाली. सुमारें आठ फूट खोल गेल्यावर घरटें लागलें. त्यांत एक मादी आणि तिचीं अकरा पिलें होतीं. सर्वांना एका पेटींत ठेवण्यांत आलें. आतां आई पिलांना कुशींत घेईल, अशी पाहणारांची कल्पना. परंतु आईनें पुढ्यांत आलेल्या पहिल्याच पिलाला चावून ठार केलें. उरलेलीं पिलें वांचविण्यासाठीं शेवटीं आईलाच मारणें भाग पडलें, आणि तीं दहा पोरकीं पिलें आहारोनी व त्यांची पत्नी ह्यांनीं हातावर वाढविलीं.

ह्या मातेला क्रूर म्हणणें सोपें आहे. परंतु तिच्या बाजूनें विचार केला, तर चित्र पालटतें. ज्याच्या भरंवशावर तिनें पिलांना जन्म दिला, तें घर एका क्षणांत फुटलें होतें. वरून ऊन कोसळत होतें, चहूंकडून परका वास येत होता, आणि परतण्याला बीळ उरलें नव्हतें. अशा घोर भयाच्या वेळीं ह्या जातीच्या माद्या पिलांचा जीव घेतात, हें पुढें पुष्कळांच्या अनुभवास आलें आहे. आजही पाळीव मादी व्यायली असतां पहिले आठदहा दिवस तिच्या घरट्याला हात लावूं नये, असें जाणते लोक बजावतात, तें ह्याच कारणासाठीं. हॅमस्टर आणि मनुष्य ह्यांच्या सहवासाचा पहिला दिवस हा असा उजाडला. तो मैत्रीचा दिवस नव्हता, कुदळीचा होता.

पुढची हकीकतही तशीच धांवपळीची आहे. कांहीं पिलें निसटून गेलीं. विद्यापीठाच्या प्राणिगृहांतून कांहींनीं पिंजऱ्याचा लांकडी तळ कुरतडून पळ काढला. एका नरानें आपल्याच बहिणीला मारून टाकलें. अखेर बोटांवर मोजण्याइतकीं भावंडें उरलीं, आणि त्यांच्यापासून मात्र वंश असा वाढला, कीं वर्षभरांत संख्या दीडशेच्या घरांत गेली. १९३१ सालीं ॲडलर ह्यांनीं कांहीं हॅमस्टर आपल्या कोटाच्या खिशांतून इंग्लंडांत नेले. तेथून ते प्रयोगशाळांत पसरले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस लोकांच्या घरांतही शिरले. आज जगभर पिंजऱ्यांतून नांदणारे सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळेच त्या एका बिळाचे वारस आहेत.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. कुत्र्याला मनुष्याची संगत हजारों वर्षांची. हॅमस्टरला अद्याप शंभर वर्षांचीही नाहीं. त्याचा रंग, आकार, केसांची लांबी मनुष्यानें पालटली. त्याचें मन मात्र अद्याप त्या गव्हाच्या शेतांतच आहे. म्हणून ज्याला त्याचा विश्वास संपादन करावयाचा असेल, त्यानें तें शेत कसें आहे हें नीट समजून घेतलें पाहिजे.

जर्मनींतील हाले विद्यापीठाचे रोल्फ गाटरमान व त्यांचे सहकारी १९९७ व १९९९ ह्या सालीं सीरियांत जाऊन आले. त्यांनीं तीस बिळें तपासलीं, आणि त्यांतील एकाही बिळांत एकाहून अधिक प्रौढ प्राणी सांपडला नाहीं. म्हणजे प्रौढ हॅमस्टर हा पूर्ण एकलकोंडा. त्याचें घर त्याचें एकट्याचें, कोठार त्याचें एकट्याचें. दुसरा हॅमस्टर दिसला, तर समागमाचे थोडे क्षण सोडून बाकी सर्व वेळ तो शत्रूच. ‘बिचाऱ्याला एकटें वाटत असेल’ म्हणून दोन सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यांत ठेवणारा मनुष्य दया करीत नसून द्वंद्वयुद्ध मांडीत असतो. तीं भावंडें असलीं तरी, सहाआठ आठवड्यांचीं होतांच एकमेकांच्या जिवावर उठतात. त्याच मंडळींच्या पुढील संशोधनांतून एक नवलही उघडकीस आलें. पिंजऱ्यांतला हॅमस्टर रात्रिंचर, हें सर्वांस ठाऊक. परंतु दक्षिण तुर्कस्तानांतील मोकळ्या शेतांतल्या माद्या दिवसां उजेडांत बाहेर पडून चारा गोळा करतांना आढळल्या. हें संशोधन २००८ सालीं प्रसिद्ध झालें. घराच्या छपराखालीं त्यानें आपलें घड्याळ उलटें कां फिरविलें, ह्याचा उलगडा सोपा नाहीं. घरांत तो रात्रींचा प्राणी आहे, एवढें मात्र पाळणारानें पक्कें ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट त्याच्या इंद्रियांची. डोळे मोठे व तेजस्वी दिसतात, परंतु दृष्टि अधू. दूरचें त्याला धड दिसत नाहीं, आणि उंचीचा अंदाज तर मुळींच येत नाहीं. टेबलाच्या कडेवरून तो बेधडक पाऊल पुढें टाकतो. त्याचें सारें जग वासाचें आहे. त्याच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथि असतात, आणि चालतांना घासून तो त्यांचा वास आपल्या वाटेवर ठेवीत जातो. कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट जॉन्स्टन ह्यांनीं दीर्घकाळ प्रयोग करून दाखविलें, कीं सोनेरी हॅमस्टर आपल्या जातीच्या निरनिराळ्या व्यक्ति केवळ वासावरून वेगवेगळ्या ओळखूं शकतो. मनुष्य चेहऱ्यावरून ओळख ठेवतो, हा गंधावरून ठेवतो. म्हणून त्याच्यापुढें हंसणें, हातवारे करणें, रंगीबेरंगी खेळणीं नाचविणें हें सर्व व्यर्थ होय. त्याच्याशीं ओळख करून घ्यावयाची, ती वासानेंच.

तिसरी गोष्ट भयाची. एवढासा हा जीव. वजन दीडशे ग्रॅमच्या आंतबाहेर. घुबड, ससाणा, कोल्हा, साप, ज्याला त्याला तो भक्ष्य. त्यांतही मृत्यु झडप घालतो तो बहुधा आकाशांतून. पिंजऱ्याचें वरचें दार उघडून मनुष्याचा हात आंत येतो, तेव्हां मनुष्याच्या मनांत लाड असतो. हॅमस्टरला दिसते ती उतरणारी सावली. त्या वेळीं तो चावला, तर तो कृतघ्नपणा म्हणावयाचा कीं शहाणपणा, ह्याचा निर्णय ज्याचा त्यानें करावा.

आतां प्रत्यक्ष रीति. ती साधी आहे. कठीण आहे तो तिला लागणारा धीर. नवा हॅमस्टर घरीं आला, म्हणजे पहिले दोनतीन दिवस त्याला हात लावूं नये. पिंजरा एका शांत, सावलीच्या जागीं, चूल, दूरदर्शन व दाराची ये-जा ह्यांपासून दूर ठेवावा. अन्न व पाणी द्यावें आणि बाजूला व्हावें. ह्या दिवसांत तो आपलें घर वासानें आपलेंसें करीत असतो. त्या कामांत व्यत्यय आणणें म्हणजे पुन्हां कुदळ चालविणें होय. नंतर पांढऱ्या साध्या कागदाचा तुकडा थोडा वेळ मुठींत धरून पिंजऱ्यांत टाकावा. तो त्या कागदाच्या चिंध्या करून घरट्यांत नेईल. त्याच्या अंथरुणांत मनुष्याचा वास असा पाहुणा म्हणून शिरतो, आणि तो वास व झोंपेंतली निर्धास्ती ह्यांची सांगड बसूं लागते.

पुढची पायरी आवाजाची. रोज संध्याकाळीं, तो आपण होऊन जागा झाल्यावर, पिंजऱ्यापाशीं बसून हलक्या आवाजांत बोलावें. काय बोलावें ह्याला महत्त्व नाहीं. मुलानें परवचा म्हटला तरी चालेल. वेळ एक असावी, आवाज एक असावा, आणि घाई नसावी. झोंपेंतल्या हॅमस्टरला उठविणें हा मैत्रीचा सर्वांत मोठा शत्रु. मध्यरात्रीं कोणी पांघरूण ओढून उचललें, तर गोड स्वभावाचा मनुष्यही चार शब्द सुनावतो. हॅमस्टरजवळ शब्द नाहींत, दांत आहेत.

त्यानंतर हाताची पाळी. हात आधीं साध्या पाण्यानें स्वच्छ धुवावे. बोटांना शेंगदाण्याचा किंवा भाकरीचा वास राहिला, तर तो बोटालाच खाद्य समजेल, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. मग पालथी मूठ किंवा उघडा तळवा पिंजऱ्याच्या तळाशीं, बाजूनें, नुसता ठेवून द्यावा. त्यावर सूर्यफुलाची बी, ज्वारीचे चार दाणे किंवा काकडीची एक चकती असावी. पहिल्या दिवशीं तो दुरून नाक हालवील. दुसऱ्या दिवशीं मान लांबवून दाणा पळवील. कांहीं दिवसांनीं पुढचे दोन पाय तळव्यावर टेकील आणि मागचे दोन जमिनीवर रोंवून ठेवील, म्हणजे पळावयाची तयारी. एके दिवशीं ते मागचे पायही हातावर येतील. ह्याला कोणाला आठ दिवस लागतात, कोणाला दोन महिने. पिलांना लौकर जमतें. वाईट हाताळणी सोसलेल्या प्रौढाला फार उशीर लागतो. त्या मुदतींत हात मिटूं नये, पाठलाग करूं नये, आणि तो निघाला तर अडवूं नये. निघून जातां येतें ही खात्री पटल्यावरच तो थांबावयास शिकतो. ह्या एका वाक्यांत त्याच्या माणसाळण्याचें सारें शास्त्र आलें.

तो हातावर बसूं लागला, तरी उचलतांना वरून चिमटींत धरूं नये. दोन्ही हातांची ओंजळ करून, खालून, जमिनीजवळच उचलावें. आणि पाळणारानेंही जमिनीवरच बसावें. उंचीचा त्याला अंदाज नसल्यामुळें हातभर उंचीवरून पडूनही त्याचें हाड मोडूं शकतें. लहान मुलांच्या ओंजळीजवळ मोठ्या माणसाची ओंजळ असलीच पाहिजे.

त्याची भाषाही थोडी शिकून घ्यावी. कान मागें चपटे केले, दांत कटकटले, किंवा तो पाठीवर उताणा पडून पंजे उगारूं लागला, तर हात शांतपणें मागें घ्यावा. तो दगडासारखा निश्चल झाला, तर तो ऐकत आहे व भ्यालेला आहे असें समजावें. उलट तो अंग ताणून जांभई देईल, समोर बसून निवांतपणें तोंड धुवील, किंवा माणसाच्या देखत गालांतला साठा बाहेर काढून खाऊं लागेल, तर समाधान मानावें. ज्याचें सारें आयुष्य कोठार लपविण्यांत जातें, त्यानें पडशी कोणापुढें सोडणें ही लहान गोष्ट नव्हे.

आणि तो चावलाच तर? तर हात झटकूं नये. झटकला तर प्राणी फेंकला जातो. ओरडूं नये, फुंकर मारूं नये, शिक्षा तर करूंच नये. शिक्षेचा अर्थ त्याला कळत नाहीं. हात वाईट आहे, एवढेंच कळतें. त्याला हळूच खालीं सोडावें, जखम साबणानें धुवावी, गरज पडल्यास वैद्याला दाखवावी, आणि दुसऱ्या दिवशीं दोन पायऱ्या मागें जाऊन पुन्हां आरंभ करावा. हॅमस्टरच्या मैत्रींत मागें जाणें हा पराभव नसतो. तो त्या वाटेचाच एक भाग आहे.

परंतु केवळ हाताच्या कौशल्यानें विश्वास उपजत नाहीं. जो प्राणी चोवीस तास अडचणींत आहे, त्याला पांच मिनिटांच्या लाडानें काय वाटणार? स्वित्झर्लंडांत झालेल्या एका अभ्यासांत कांहीं हॅमस्टरांना दहा सेंटिमीटर, कांहींना चाळीस आणि कांहींना ऐंशी सेंटिमीटर खोल भुसा देण्यांत आला. उथळ भुशावरचे हॅमस्टर पिंजऱ्याचे गज अधिक कुरतडीत. ऐंशी सेंटिमीटर खोलींत बिळें करून राहणारांत ही खोड आढळली नाहीं. बाजारांतल्या लहान, उंच, रंगीत पिंजऱ्यांतून ह्या प्राण्याची मुख्य भूकच भागत नाहीं. त्याला लांबरुंद जागा, खणण्याजोगा खोल थर, दडावयाला अंधारी खोली, पाठ न वांकतां धांवतां येईल एवढें मोठें चाक आणि अंग घोळावयाला स्वच्छ वाळू पाहिजे. पाण्यानें आंघोळ मात्र घालूं नये. ती त्याला बाधते. कापसाचें अंथरूणही देऊं नये. त्याचे तंतु पायांना व गालांना गुंडाळतात.

२०१५ सालीं इंग्लंडांत लिव्हरपूल येथें झालेला प्रयोग ह्याहून उद्बोधक आहे. हॅमस्टरांना शिकविण्यांत आलें, कीं अमुक जागच्या नळींत गोड पाणी मिळतें आणि तमुक जागच्या नळींत कडू. मग नळी त्या दोन जागांच्या मधोमध कोठें तरी ठेवावयाची, आणि हॅमस्टर तिच्याकडे जातो कीं नाहीं तें पाहावयाचें. ज्यांच्या पिंजऱ्यांत भरपूर भुसा, निवारा व उद्योगाचीं साधनें होतीं, ते गोडाच्या जवळच्या नळीकडे अधिक वेळां गेले. तीं साधनें काढून घेतलेले मागें राहिले. अगदीं मधल्या, पूर्ण संशयाच्या जागीं हा फरक तितका दिसला नाहीं, हेंही संशोधकांनीं नमूद केलें आहे. तरी बोध स्पष्ट आहे. ज्याचें घर सुखाचें, तो थोड्याशा संशयाचा फायदा जगाला देतो. मनुष्याचा हात हीही हॅमस्टरच्या दृष्टीनें एक संशयास्पद नळीच. तिच्यांत गोड आहे कीं कडू, हें तो आपल्या एकंदर दिवसमानावरून ठरवितो. विश्वास हातावर बसतो खरा. परंतु तो भुशांत रुजतो.

महाराष्ट्रांत पाळणाराला आणखी एक जबाबदारी आहे, ती उन्हाळ्याची. हा प्राणी बिळाच्या गारव्यांत वाढणारा. तीस अंशांच्या वर पारा चढला, कीं त्याला त्रास होऊं लागतो. नागपूर, जळगांव, सोलापूर येथील वैशाखांत पिंजरा पत्र्याखालीं किंवा उन्हाच्या खिडकींत ठेवणें म्हणजे त्याला मृत्यूच्या दारांत ठेवणें होय. थंड फरशी, मातीचें पालथें मडकें, हवेशीर खोली एवढ्या साध्या गोष्टींनीं त्याचा जीव वांचतो. ज्याच्या घरीं एवढी सोय नसेल, त्यानें मुलाचा हट्ट मोडावा. तोच दयेचा मार्ग.

शेवटीं प्रश्न उरतो तो मोबदल्याचा. एवढें सारें करून काय मिळतें? कुत्र्यासारखा तो दाराशीं वाट पाहात नाहीं. हांक मारतांच येईलच, अशी खात्री नाहीं. त्याचें आयुष्य अवघें दोनतीन वर्षांचें. त्यांतलीं दोनअडीच महिन्यांचीं संध्याकाळें ओळखींतच सरतात. तो प्रेम करतो कीं नाहीं, ह्याचा पुरावा कोणापाशीं नाहीं. तो देतो ती एकच वस्तु. ज्या हाताला तो भीत होता, त्या हाताला तो भ्यावयाचें सोडतो. त्याच्यापाशीं द्यावयाला ह्याहून मोठें कांहीं नाहीं.

आणि ह्या देणग्या किती एकतर्फी भरंवशावर उभ्या आहेत, हें २०२२ सालच्या जानेवारींत हाँगकाँग शहरानें पाहिलें. तेथील एका दुकानांतल्या हॅमस्टरांत कोविडचे जंतु आढळले, तेव्हां सरकारनें दोन हजारांच्या आसपास लहान प्राणी मारण्याचें ठरविलें, आणि नुकतेच विकत घेतलेले हॅमस्टर लोकांनीं आणून द्यावे असें फर्माविलें. साथीच्या काळांत राज्यकर्त्यांपुढें अवघड प्रसंग होता, हें खरें. परंतु त्याच शहरांत हजारों माणसें त्या प्राण्यांना आश्रय द्यावयास पुढें आलीं. ज्या इवल्या जीवानें तळव्यावर पाय टेकले होते, त्याला आपल्याच हातानें नेऊन द्यावयाचें, हें त्यांना जड गेलें. विश्वास स्वीकारणाराच्या माथ्यावर काय चढतें, तें त्या दिवसांत दिसून आलें.

इकडे अलेप्पोच्या शेतांतून मूळचा सोनेरी हॅमस्टर दुर्मिळ होत चालला आहे. शेतकरी त्याला धान्यचोर समजतो, आणि पिकाचा नाश सोसणाराच्या दृष्टीनें तें खोटेंही नाहीं. जगांतील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत त्याचें नांव आहे. पिंजऱ्यांत लक्षावधि आणि शेतांत मूठभर, अशी त्याची विचित्र स्थिति झाली आहे. घरांत आलेल्या प्रत्येक हॅमस्टरमागें तें एक फुटलेलें बीळ उभें आहे. तें पुन्हां बांधून देणें कोणाच्या हातीं नाहीं. परंतु हातभर खोल भुसा, एक शांत कोपरा, ठरलेली वेळ आणि न मिटणारा तळवा, एवढें देणें कोणाही मुलाच्या हातीं आहे. रोज संध्याकाळीं तळवा उघडा ठेवून वाट पाहावयास जें मूल शिकलें, त्याला हॅमस्टर मिळो न मिळो, पुढच्या आयुष्यांत माणसें जोडण्यासाठीं दुसरा धडा गिरवावा लागणार नाहीं.